पायवाटेवरची येळवस

माय, मी बाबाला मारलं. टेकडीवर, चारचौघांत, तोंडावर. दुसऱ्या कुणाकडून तुला कळायच्या आत मीच सांगावं म्हणून बसलोय. तू गेल्यावर मला मिशी फुटली, आवाज बदलला, आता लग्नबी ठरलंय, तवा तुला दुसरं कोण सांगायला येणार हाय म्हणा. पण तू व्हतीस तवा माझी कुठलीबी भानगड घरी यायला वेळ लागला का कवा? मी वाटंतच असायचो आन बातमी चुलीपशी येऊन बसलेली असायची. मला लिहायची सवय न्हाई. शाळेत मी बाकावर कमी आन वर्गाबाहेर अंगठे धरून जास्त. म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो, समजून घे.

आधी जागा सांगतो. लातूरच्या रिंग रोडच्या पल्याड ते उघडं टेकाड व्हतं बघ, जिथं आपण शहरात आल्यावर तू जळण वेचायला जायचीस आन बाभळीचे काटे पायात मोडून घेऊन यायचीस. तिथं आता वनखात्यानं दाट झाडं लावल्यात. मधून मुरमाची वाट काढली, दोन्ही कडंनं दगड लावले, गेटावर पाटी मारली, ‘निसर्ग पायवाट’. वाटंवर जागोजागी पाखरांची चित्रं, तितर, कोतवाल, भारद्वाज. एक लोखंडी मनोरा हाय, वर चढून पाखरं बघायला. लोक पांढरे बूट घालून चालायला येतात, पोट कमी करतात आन जाताना गेटावरच्या गाड्यावर भजी खाऊन पोट वापस नेतात. मीबी जातो. दिवसभर मोबाईलच्या दुकानात वाकून स्क्रीन बदलायच्या, मान आखडून जाती. संध्याकाळी त्या वाटंनं उगं रमत चाललं की अंग सैल होतं. वाळल्या गवताचा वास येतो, पायाजवळून लाव्हरं भुर्रकन उडतात, कुणी काही काम सांगत न्हाई. मला ती जागा लई आवडती.

आवडती म्हणून तिथं खोडीबी केली. तिथं म्हाताऱ्या लोकांचा हास्य क्लब भरतो. गोल उभं राहायचं, हात वर करायचे आन कारण नसताना हा हा हा करायचं. त्यांचे म्होरके एक रिटायर मास्तर, सगळे त्यांना सर म्हणतात. एक दिवस मी झुडपात ब्लूटूथचा स्पीकर लपवला आन ऐन हसण्यात बिबट्याची गुरगुर सोडली. हसणं बंद! सगळ्यात आधी सर पळाले, एक बूट जागेवरच. वॉचमननं मला कानाला धरून त्यांच्यापुढं उभं केलं. सर म्हणले, “तुला एक दिवस लोक तुडवतील, बघ.” मी म्हणलो, “पण सर, आज खरं हसू आलं का न्हाई?” त्यांना आलं व्हतं जरासं, त्यांनी ते मिशीत दाबलं. पण तवापासून टेकडीवर माझं नाव पडलं, बिबट्यावाला. कुणाची चप्पल हरवली तरी लोक आधी माझ्याकडं बघायचे.

आता बाबाचं सांगतो. तो हल्ली ताईकडं नांदेडला असतो. दारू सुटली, म्हणजे डॉक्टरनं सोडवली, त्यानं न्हाई. हात थरथरतात. चहाचा कप दोन हातांनी धरतो. त्या हातांचं तुला मी काय सांगू. माझं लग्न ठरलं म्हणून ताईनं त्याला लातूरच्या बसमंदी बसवून दिलं, आन नेमकी दुसऱ्या दिवशी येळवस. नांदेडला लातूरएवढी येळवस कुठं! इथं त्या अवसेला सगळं शहर कुलूप लावून रानात जेवायला जातं. ज्याचं रान हाय तो आपल्या रानात, ज्याचं न्हाई तो दुसऱ्याच्या. आपण विहारात जाणारी माणसं, रानात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायची रीत आपल्या घरात न्हाई. पण शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आन ताकातली आंबील कुणा एकाची न्हाई, असं तूच म्हणायचीस. रेणापूरकडं मालकाच्या रानात बाबा सालगडी व्हता, तवाचं मला सगळं दिसतं. सकाळी तू तुरीच्या शेंगा सोलत बसलीस. एक डोळा सुजून मिटलेला, दुसऱ्यानं बघून सोलतीस. कारण सणाची बाटली मालक बाबाला आदल्या दिवशीच देतो. मी विचारतो, “माय, दुखतंय का?” तू म्हणतीस, “डोळा दुखतोय, शेंगा न्हाई दुखत. सोल गुमान.” मंग त्या एका डोळ्यानं तू एवढी भज्जी शिजवतीस की दोन गडी उचलून नेतात, आन बाबा सगळ्यांदेखत म्हणतो, “मीठ कमी हाय.”

आन त्याच दिवशी अंधार पडला की हेंडगा. कडब्याची जाड पेंढी बांधायची, टोक पेटवायचं आन ती खांद्यावर धरून ज्वारीच्या कडंकडंनं सगळ्या रानाला फेरा घालायचा. रान मालकाचं, देव मालकाचा, पळायचं बाबानं. तो पळायला लागला की ठिणग्या मागं उडायच्या आन सगळे गडी वरडायचे. तवा तो लई देखणा दिसायचा माय. मारणारा माणूस आन हा पळणारा माणूस एकच हाय, हे मला लेकरूपणी पटायचं न्हाई.

तर ह्या येळवशीला आपल्याला ना मालक ना रान. मी म्हणलो, “बाबा, टेकडीवर जाऊ.” शेजारच्या काकूनं भज्जी, बाजरीचे उंडे, तांब्याभर आंबील बांधून दिली. सतरंजी घेतली. टेकडीवर आपल्यासारखी बिगररानाची लई माणसं आलती, झाडाझाडाखाली पंगती बसल्यावाणी. आम्ही जेवलो. बाबा मिठाबद्दल काही बोलला न्हाई. मंग मी त्याला वाटंनं फिरवायला नेलं. दहा पावलं चालायचा, उभा राहायचा, परत चालायचा. मला घाई नव्हती. उन्हं झाडातनं तिरपी आलती, मोर कुठंतरी वरडत व्हता.

“हे रान कुणाचं?” बाबानं विचारलं.

“सरकारचं.”

“मंग पेरलं काहून न्हाई?”

“झाडं पेरल्यात की.”

“आन हे लोक काय करून राहिलेत?”

“चालून राहिलेत.”

“कुठं?”

“कुठंच न्हाई. गेटापासून निघतात आन गेटालाच येतात.”

बाबा थांबला, पांढऱ्या बुटवाल्यांकडं बघितलं. “घाण्याचा बैलबी असाच फिरतो,” म्हणला, “पण त्याचं तेल तरी निघतं.”

मी एवढा हसलो की मला ठसका लागला. तोबी हसला, दात नसलेलं हसू. तितराच्या चित्रापुढं उभा राहून त्यानं मला तितराचा आवाज काढून दाखवला, हुबेहूब. चालताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला. मी तो झटकला न्हाई. अशी एक संध्याकाळबी तुझ्या वाट्याला आली न्हाई, आन मी मात्र त्याच्यासंगं मजेत चाललोय, हे मनात आलं. तरी चालत राहिलो. मजाबी येत व्हती, खोटं काहून बोलू.

मनोऱ्यापशी आल्यावर त्याला हेंडगा आठवला. “फिरवला न्हाई तर येळवस झाल्यासारखी वाटत न्हाई,” म्हणला. रानात हे काम अंधारात करतात, उघड्यावर. पण टेकडीवर वॉचमन सहाला शिट्टी मारून सगळ्यांना हाकलतो, अंधार व्हईस्तोवर कोण थांबू देतं? म्हणून बाबानं उजेडातच वाळल्या गवताची पेंढी वळली. थरथरत्या हातांनी लई घट्ट बांधली. झाडं पेटतील, माश्या उठतील, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. लेकरं गोळा झाली, टाळ्या वाजवायला लागली. बाबानं काडी लावली आन पळाला. पळाला म्हणजे फरफटला, पण ठिणग्या तशाच उडाल्या, मागं, तशाच. गवत आतून ओलसर असंल, आगीपेक्षा धूर जास्त झाला आन तो सगळा धूर मनोऱ्याखाली घुसला.

मनोऱ्याच्या पोटाला, पल्याडच्या अंगाला, आग्या मोहोळ व्हतं.

आधी आवाज आला. लाईटची डीपी गुणगुणती तसा. मंग तो आवाज खाली उतरला. पहिला डंख मला पापणीवर बसला, दुसरा कानाच्या आत. लेकरं किंचाळत पळाली, बायांनी डोक्यावर परातीच घेतल्या. आंबीलीचे तांबे लवंडले. मनोऱ्यावर सर उभे व्हते, पाखरं बघत. ते जिन्यावरनं गडगडत खाली आले आन त्यांचं टक्कल दिसंना, नुसतं काळं वळवळतं. बाबा वेड्यावाणी पेंढी हवेत फिरवत व्हता, जेवढी फिरवी तेवढ्या माश्या जास्त. मी पळत जाऊन सतरंजी आणली, त्याला ढकलून पाडला आन दोघांवर ओढली. सतरंजी पुरत नव्हती. बाबा वळून माझ्यावर पालथा पडला, माझं डोकं त्यानं काखेत दाबून धरलं. त्याची पाठ उघडी राहिली. माश्या गारा पडल्यावाणी आदळत व्हत्या. एकेक डंख बसला की त्याचं सगळं अंग झटका खायचं, ते मला खाली कळायचं. तोंडानं एकच, “हलू नको. हलू नको.”

माश्या वर गेल्या तवा गेटापशी नुसता गोंधळ. सरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ते वाचले, आधीच सांगून टाकतो. पण तवा कुणालाच म्हायती नव्हतं वाचतील का मरतील. त्यांचा पोरगा आला, जिमवाला, दंड माझ्या मांडीएवढा. “कुणी केलं?” म्हणून वरडला. वॉचमननं माझ्याकडं बोट केलं. “ह्याच्याशिवाय कोण? बिबट्यावाला हाच.”

संपलं. पहिली लाथ कमरेत बसली. “दगड मारलास ना मोहोळाला? मारलास ना?” न्हाई म्हणायला मी तोंड उघडलं तर त्यातच बुक्की. दात हलला, रगत खारट लागलं. मंग किती हात, किती पाय, कळंना. मी खाली पडून म्हणलो, “लाईनीत या की, टोकन घ्या.” हे म्हणायचं नव्हतं. आणखी तुडवलं. गर्दीतून कुणीतरी बोललं, “आडनाव विचारा ह्याचं.” विचारलं. मी सांगितलं. ते ऐकून मारणारे कमी झाले न्हाईत, एवढंच सांगतो.

तेवढ्यात बाबाचा आवाज आला. “पोराला सोडा. हेंडगा म्या पेटवला. माझ्या हातनं झालं.”

माय, त्या माणसाच्या तोंडून ‘माझ्या हातनं झालं’ हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तुझा हात मोडला तवा दवाखान्यात त्यानं डॉक्टरला सांगितलं, पायरीवरनं पडली. आपल्या घराला पायरीच नव्हती.

लोकांनी मला सोडलं आन त्याच्याकडं वळले. सरांच्या पोरानं कुंपणाचा बांबू उपसला. बाबा तिथंच उभा, हात खाली सोडून. तोंड सुजून भोपळा झालेलं, डोळे दिसत न्हाईत. एक बांबू बसला असता तर तो परत उठला नसता, हे मला दिसलं. मी उठलो, गर्दीत मुंडी घातली आन त्या पोराच्या आधी बाबापशी पोचलो. आन त्याच्या थोबाडीत मारली. हाताचा सगळा जोर लावून. “अक्कल हाय का तुला? लोकांची लेकरं मारायला निघालास?” जन्मात पहिल्यांदा बाबाला तोंडावर अरे-तुरे केलं. आवाज असा काढला की भजीवाल्याचा झारा थांबला.

हे कुठं शिकलो ते तुला सांगायला नको. मालकाच्या पाण्याच्या रांजणात मी रबरी साप सोडला व्हता, मालकीण चक्कर येऊन पडली व्हती. मालक आसूड घेऊन आपल्या दाराकडं येताना तू बघितलंस. तू चुलीवरनं उठलीस, मला दंडाला धरून अंगणात ओढलंस आन उलथन्यानं असं बडवलंस, असं बडवलंस, की मालकच म्हणला, “बास की बाई, मरंल पोरगं.” आन वापस गेला. मंग तू दार लावून माझ्या पाठीला तेल लावलंस, हातावर गुळाचा खडा ठेवलास. म्हणलीस, “माझा मार कुठं थांबायचं ते मला कळतंय. त्याला कळलं नसतं.” मी गूळ खात, रडत, तुझ्यावर लई चिडलो व्हतो. आता टेकडीवर तेच केलं. आन लागू झालं बघ! बांबू हवेतच राहिला. एक म्हातारी पुढं आली, म्हणली, “आरं, बाप हाय तुझा. येळवशीच्या दिवशी बापावर हात टाकतोस व्हय?” सरांच्या पोरानं बांबू खाली घेतला. लोक दोन पावलं मागं सरकले. काम झालं व्हतं.

मंग मी त्याला दुसरी मारली.

बाबा गुडघ्यावर बसला. वर बघितलं माझ्याकडं, सुजलेल्या फटीतून. ही दुसरी लोकांना दाखवायची न्हाई, हे त्याला कळलं. मारणाऱ्याला मार वळखू येतो. हळूच म्हणला, मला एकट्यालाच ऐकू येईल असं, “असंल अजून तर घरी मार.”

घरी मी काही मारलं न्हाई. दुकानातला बारका चिमटा आणला, ज्यानं मोबाईलचे स्क्रू उचलतो, आन त्याच्या पाठीतले काटे काढत बसलो. पाठ अशी झालती की बोट ठेवायला जागा न्हाई. तो पालथा पडून, मी वरनं वाकून. सरांनी दवाखान्यातनं पोराला समजावलं म्हणे, हेंडगा व्हता, कुणी मुद्दाम केलं न्हाई, सोडून दे. चार दिवसांनी बाबाला नांदेडच्या बसमंदी बसवला. ताईला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “माश्या चावल्या. पोरगं व्हतं म्हणून वाचलो.” ताई मला म्हणली, “बघ, आता तरी मनातून काढून टाक.” मी हाव म्हणलो.

माझी व्हणारी बायको शिरूर अनंतपाळची हाय. तुला आवडली असती, तिच्या जिभंला धार हाय. तिला मी फोनवर सगळी गोष्ट रंगवून सांगितली, सरांचं टक्कल, बायांच्या पराती, टोकन घ्या म्हणलो ते. लई हसली. हसता हसता थांबली आन म्हणली, “आन तुम्ही? तुम्ही मारलं का कुणाला?” तिच्या घरीबी बाप हाय, माय. ती अशीच विचारत न्हाई. मी म्हणलो, “मी मार खाणाऱ्या पार्टीचा माणूस.” परत हसली. पण ह्या वेळी जरा उशिरा.

तवापासून टेकडीवर गेलो न्हाई. कुणी अडवत न्हाई, मलाच जावं वाटंना. मान आखडून बसलोय दुकानात. तिला सांगावं का न्हाई, लग्नाआधी सांगावं का मागून, हे विचारायला माणूस न्हाई म्हणून तुला लिहायला घेतलं. हा कागद स्क्रीनच्या रिकाम्या खोक्यात टाकून देईन, तो काही कुठं जाणार न्हाई.

पहिली थापड तू शिकवलेली. दुसरी तुझ्या डोळ्यासाठी, तुझ्या मोडलेल्या हातासाठी मारली, असं तुला सांगायचं मनात धरून बसलो व्हतो. एवढं सगळं लिहिलं ते त्या एका वाक्यासाठीच. पण ते खोटं हाय. तवा तू माझ्या ध्यानातबी नव्हतीस. हाताला बरं वाटलं माय, म्हणून मारली.